मुखदर्शन घेणारे साहेब

आमचे साहेब भित्रे होते. हे मी पाठीमागं बोलत नाही. अख्खं उपकेंद्र त्यांच्या तोंडावर म्हणायचं आणि ते मान डोलवायचे. कुत्र्याला भ्यायचे. औंढ्याच्या घाटात जीप उतरायला लागली की डोळे मिटून पुढच्या सीटचा दांडा धरायचे आणि सपाटी आली का म्हणून दर वळणाला विचारायचे. आभाळात गडगडलं की हातातला घास ताटात ठेवायचे. वीज कंपनीत उभी हयात घातलेला हा माणूस मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, असं त्यांच्या मंडळींनी पहिल्याच भेटीत चहा देताना हसत हसत सांगितलं. साहेब समोरच बसले होते. म्हणाले, "खरं हाय. त्या यंत्राचा भरोसा न्हाई."

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. वडील एका देवस्थानात कारकून, घराण्यात इंजिनियर झालेला मी पहिलाच, त्यामुळं डोक्यात हवा होती. हिंगोलीहून ऑर्डर घेऊन निघालो तेव्हा वाटलं होतं, कोणीतरी दरारा असलेला अधिकारी भेटेल, त्याच्या हाताखाली माणसं कशी हाकायची ते शिकू. सेनगावच्या पुढं, तुरी-सोयाबीनच्या रानात जीपनं सोडलं. उपकेंद्राच्या फाटकातून एक बुटके, टक्कल पडलेले गृहस्थ बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता माझ्या पाठीमागं बघत राहिले. "कुत्रं गेलं का?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. हेच साहेब आहेत हे कळल्यावर मी मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहायला घेतला.

आमचं काम सांगायला सोपं. मोठ्या तारांतून वीज येते, ती उपकेंद्रातून वेगवेगळ्या लाइनींवर सोडायची, आणि त्या लाइनी गावांना, तांड्यांना, शेतातल्या मोटारींना जातात. कुठं तार तुटली की आम्ही ती लाइन बंद करतो, लाइनमन खांबावर चढतो, दुरुस्ती करून खाली उतरतो, आम्हाला कळवतो, आणि आम्ही पॅनेलवरची मूठ फिरवून लाइन चालू करतो. सगळा जीव त्या कळवण्यात आहे. तो उतरला असं समजून इकडं मूठ फिरवली आणि तिकडं तो वरच असला, तर पुढचं सांगायला नको.

हे कळवणं सगळीकडं फोनवर चालतं. लाइनमन फोन करतो, इकडं वहीत नोंद होते, लाइन चालू. आमच्या साहेबांना फोन चालायचा नाही. फोन करायचाच, नोंदही व्हायची, पण लाइन चालू व्हायची ती लाइनमन स्वतः येऊन साहेबांसमोर उभा राहिल्यावर. साहेब चष्मा पुसायचे आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघायचे. मग करदोड्याला बांधलेली किल्ली काढून पॅनेलचं कुलूप उघडायचे. मुठीला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या कमरेला, असला कारभार मी दुसरीकडं कुठं पाहिलेला नाही.

लाइनमन लोकांनी याला मुखदर्शन असं नाव ठेवलं होतं. देवळात गर्दी असली की गाभाऱ्यात न जाता लांबूनच देवाचं तोंड बघून माणसं परत फिरतात, त्यातलं. इथं मात्र देवच भक्ताचं तोंड बघायला बसलेला. "चला, मुखदर्शन देऊन येतो," असं म्हणून गडी मोटारसायकलला किक मारायचे, आणि लांबच्या तांड्यावरून तो येईपर्यंत सगळी गावं आमच्या नावानं बोटं मोडत बसायची. पिठाच्या गिरणीवाल्यांचा तर आमच्यावर विशेष लोभ होता. त्यातल्या एकानं साहेबांच्या घरचं दळण घ्यायचं बंद केलं होतं.

मी साहेबांना समजावून पाहिलं. काळ बदललाय म्हणालो. फोनवर विश्वास नसेल तर व्हिडिओ कॉल करू, त्यात तोंड स्पष्ट दिसतं. साहेब विचारात पडले. दिवसभर काही बोलले नाहीत, मला वाटलं जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "त्यात पाय दिसत न्हाईत."

चहाच्या टपरीवर मी लाइनमन लोकांना सांगून टाकलं की माझ्या हाती कारभार येऊ द्या, पहिल्या दिवशी हे मुखदर्शन बंद करतो. सगळे हसले. किसन जास्त हसला. किसन म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात चपळ लाइनमन, जवळच्याच तांड्यावरचा. खांबावर असा चढायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा चालतच वर गेला. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथे घातले होते. हा म्हणायचा, आमी आता मुलखाला उजेड पुरवतो, धंदा तोच.

साहेबांच्या आणखी खोडी सांगण्यासारख्या आहेत. ते कोणत्याही लाइनमनला एकेरी हाक मारत नसत. किसनराव, शेषराव, बाबाराव, सगळे राव. मी म्हटलं, हा मान जास्तच होतो. म्हणाले, "एकेरी हाक मारली की माणूस चिडतो. चिडला की घाईनं चढतो." सकाळी कामं वाटताना प्रत्येकाला विचारायचे, घरी काय झालं. खाल्लं काय, झोपला कधी, बायकोशी बोलणं आहे का. भांडण झालेलं असलं तर त्या दिवशी त्याला खांबावर पाठवायचं नाही, उपकेंद्रातच गवत काढायला लावायचं. गड्यांना हे इतकं बरोबर कळलं होतं की उन्हाळ्यात निम्म्या लाइनमन लोकांची बायकोशी भांडणं व्हायची. साहेबांना खोटं कळायचं. तरी ते गवत काढायलाच पाठवायचे. एकदा मी हटकलं तेव्हा म्हणाले, "ज्याला आज चढावं वाटून न्हाई राहिलं, त्याला चढवायचं काहून?"

त्यांना धीट माणूस आवडत नसे. नवा कोणी छाती काढून म्हणाला की साहेब आपल्याला भीती नाही, तर साहेब त्याला महिनाभर शिडी धरायला ठेवायचे. "हिंमत हाय त्यानं निवडणुकीला उभं राहावं," ते म्हणायचे, "लाइनवर येऊ नये." कधी कोणाला 'वर जा' म्हणाले नाहीत. 'तुमी जाता का' म्हणायचे. हुकूम देताना त्यांचा आवाज असा पडायचा की जणू उसनं मीठ मागायला शेजारी आलेत. अशा माणसाला साहेब कसं म्हणायचं, हा माझा तेव्हाचा प्रश्न होता.

या भीतीमागं काहीतरी घडलेलं असणार, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कोणी म्हणायचं, कळमनुरीकडं असताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक हेल्पर गेला. कोणी म्हणायचं, त्यांचा सख्खा भाऊच लाइनमन होता. एकदा दोघंच जीपमध्ये होतो, घाट संपून सपाटी लागली होती, साहेबांचा मूड बरा होता. मी विचारलं, साहेब, नक्की काय झालं होतं? त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. "काय होणार? माझ्या हाताखाली कधीच काही झालं न्हाई." आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "होऊन गेलेलं असतं तर इतकं भेव वाटलं नसतं. आजून व्हायचंय ना ते."

मला त्या वाक्यानं कसंतरीच झालं.

आता ती दुपार सांगतो. पौषातले दिवस होते. त्या आठवड्यात आमच्या शेतीच्या लाइनीला दिवसाची पाळी आली होती. दिवसाची पाळी म्हणजे शेतकऱ्याला सण. नाहीतर थंडीत, साप-विंचवांच्या वाटेनं रात्री हरभऱ्याला पाणी द्यायचं. आणि नेमकी सकाळी तार तुटली. लाइन बंद केली, किसन गेला. दुपारी त्याचा फोन आला, तो मीच घेतला. काम झालं, उतरलो, चालू करा. मी नोंद केली, साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, येऊ द्या.

किसनच्या जागेहून उपकेंद्र लांब नव्हतं. चहा व्हायच्या आत तो यायला हवा होता. चहा झाला, दुसरा झाला, किसन आला नाही. फोन लावला तर लागेना. त्या भागात रेंज नसणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. वाटेत कोणीतरी थांबवलं असेल, जेवायला बसला असेल, असं मी म्हणत होतो. साहेब फाटकाकडं बघत उभे होते.

किसन आला नाही, गाव मात्र आलं. काम झाल्याचं शेतात सगळ्यांना कळलं होतं, मोटारीपाशी माणसं बटनं दाबून दाबून थकली होती, आणि दिवसाची पाळी हातातून निसटत चालली होती. मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, पुढं उपसरपंच. फाटक उघडंच होतं. बघता बघता अंगण भरलं. उपसरपंच चांगला माणूस होता, पण मागं गर्दी असली की चांगल्या माणसालाही आवाज चढवावा लागतो. तो म्हणाला, "साहेब, तुमचाच लाइनमन सांगून राहिला काम झालं म्हणून. मंग आता मूठ फिरवायला मुहूर्त पायजे का?"

साहेबांच्या पँटचं कापड पायांवर हलताना मला दिसत होतं. ते आत आले, दार लोटलं, आणि करदोड्याची गाठ सोडायला लागले. मला वाटलं, सुटलो. आता उघडतील, चालू करतील, गर्दी जाईल. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"ही घ्या आन् मागच्या खोलीत जाऊन बसा," ते म्हणाले. "माझ्या अंगाला कोणी हात लावला तर मी देऊन टाकीन. माझा मला भरोसा न्हाई."

मग ते बाहेर गेले.

मागची खोली म्हणजे आमचं सामान ठेवायचं कोठार. तारांची भेंडोळी, चिनीमातीची इन्सुलेटरं, तुटक्या खुर्च्या. तिथून एक दार थेट पॅनेलच्या खोलीत उघडतं आणि गजांच्या खिडकीतून समोरचं अंगण दिसतं. मी भेंडोळ्यावर बसलो. किल्ली साहेबांच्या अंगानं कोमट झाली होती.

एवढ्यात माझा फोन वाजला. वरच्या कार्यालयातले मोठे साहेब होते. त्यांना कोणीतरी वरूनच फोन केला होता. आमचे साहेब फोन उचलत नाहीत म्हणून त्यांनी माझा नंबर शोधला होता. त्यांनी नोंद झाली का विचारलं. मी हो म्हणालो. लाइनमननं स्वतः कळवलं का? हो. मग तुम्ही इंजिनियर आहात की त्या भित्र्याचे शिपाई? चालू करा. हा माझा आदेश समजा, जबाबदारी माझी. मी 'येस सर' म्हणालो. फोन बंद झाला.

माझ्यासाठी सगळं सोपं झालं होतं. नियम माझ्या बाजूनं, आदेश माझ्या बाजूनं, गाव माझ्या बाजूनं, आणि किल्ली हातात. मी उठलो, पॅनेलच्या खोलीत गेलो, कुलपापाशी उभा राहिलो. टपरीवर केलेल्या बढाया आठवल्या. किल्ली कुलपात घातलीही.

आणि मला किसनचा आवाज आठवायला लागला. फोनवर तो काय म्हणाला होता? उतरलो म्हणाला होता, की उतरतो? मागं वारा होता का? त्याला धाप लागली होती का? दुपारी मला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं आणि आता सगळंच ऐकू येत होतं. किसन तेव्हा खाली असेल, पण या घडीला कुठं आहे, हे या जगात कोणाला ठाऊक होतं? जबाबदारी माझी, असं मोठे साहेब म्हणाले होते. पण मूठ माझ्या हातानं फिरणार होती, त्यांचा हात हिंगोलीत होता. मी किल्ली परत काढली, कोठारात गेलो आणि खिडकीच्या गजांना धरून उभा राहिलो. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. गर्दीचीही वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण ती दुसरी फार मोठी होती.

बाहेर साहेब हात जोडून उभे होते. गर्दी त्यांच्या अगदी अंगाला भिडली होती. ते सगळ्यांना एकच विचारत होते.

"किसनरावाला खाली उभं कोणी पाहिलं का? एकानं सांगा. एकानं डोळ्यानं पाहिलं म्हणा, मी आत्ता चालू करतो."

फोन आला होता, असं कोणी म्हणालं. फोन नको, साहेब म्हणाले, पाहिलं का. कोणी पाहिलं नव्हतं. मग मागून एकजण पुढं घुसला आणि त्यानं साहेबांची कॉलर धरली. चष्मा खाली पडला. साहेब खरोखर रडायच्या बेतात होते. "किल्ली माझ्याजवळ न्हाई," ते म्हणाले, "असती तर दिली असती, भाऊ. मला भेव वाटून राहिलं." त्यांच्या तोंडून हे इतक्या सरळ आलं की कॉलर धरणाऱ्यालाच लाज वाटली असावी. काहीजण हसले. उपसरपंचानं त्या माणसाचा हात बाजूला केला. पण गर्दी हलली नाही.

तेवढ्यात फाटकातून एक मोटारसायकल आत आली. चालवत होता एक शेतकरी, आणि मागं किसन. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. गर्दीतून वाट काढत तो साहेबांसमोर आला आणि उभा राहिला. साहेबांनी चाचपडत चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांना लावला, आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग मटकन खाली मातीतच बसले.

झालं होतं असं. काम संपवून, उतरून, फोन करून किसन निघाला होता. पुढच्या शेतात या शेतकऱ्यानं त्याला अडवलं. त्याच्या डीपीजवळच्या खांबावरचा जंपर, म्हणजे तारेला तार जोडणारा तुकडा, कधीचा सैल झाला होता. लाइन बंदच आहे तर तेवढं करून दे. किसननं फोन गाडीच्या डिकीत ठेवला आणि चढला. वर गेल्यावर कळलं की काम लहान नाही. "आत्तापतुर वरच होतो," तो म्हणाला. येताना दुसऱ्या शेतात माणसांनी त्याला पाहून विचारलं, अरे, तू इथं कसा, गाव तर लाइन चालू करायला उपकेंद्रावर गेलंय. तेव्हा त्याला स्वतःची गाडी चालवता येईना.

कॉलर धरणारा कधी निघून गेला, कळलं नाही. मी किल्ली घेऊन बाहेर आलो. साहेबांनी ती घेतली, पण त्यांच्या हाताला कुलूप सापडेना. शेवटी म्हणाले, तुमीच लावा. सगळे लाइनमन नजरेसमोर उभे असताना मी मूठ फिरवली.

गर्दी गेल्यावर साहेबांनी किसनला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, तुमी चढलात काहून? लाइन बंद हाय, एवढ्यावर?

किसननं खाली मान घातली. म्हणाला, "तुमी तोंड पाहिल्याबिगर चालू करत न्हाई, हे ठाऊक हाय ना, साहेब. म्हणून चढलो. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली असतो तर फोन केल्यावर खांबाला हातबी लावला नसता."

मला वाटलं होतं, हे ऐकून साहेबांना धन्य वाटेल. त्यांच्या हट्टानं एक जीव वाचला होता, आणि तो जीवच समोर बसून सांगत होता. पण साहेबांचा चेहरा उतरत गेला. गर्दीनं घेरलं होतं तेव्हाही तो इतका उतरला नव्हता. त्यांनी बाकीच्या लाइनमन लोकांना एकेकाला बोलावून विचारलं. सगळ्यांचं तसंच होतं. फोन करायचा आणि मग वाटेत याचं त्याचं बारीकसारीक काम करत यायचं. साहेब मूठ फिरवत नाहीत, तोवर सगळं आपलंच. कितीतरी वर्षं हे असं चाललं होतं.

त्या आठवड्यात साहेबांचा डबा तसाच परत जायचा. एका दुपारी मला म्हणाले, "मी या गड्यायला भेव शिकवायला निघालो होतो, इंजिनियर. झालं उलटं. यांचं सारं भेव मीच माझ्याकडं घेऊन बसलो. आता यांच्याजवळ काहीच न्हाई उरलं."

मग त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून फोन आला की लाइन चालू होणार. गड्यांनी माना डोलावल्या आणि एकमेकांकडं बघून हसले. दुसऱ्या दिवशी पहिला फोन आला, साहेब उठले, कुलपात किल्ली घातली, तसेच उभे राहिले, किल्ली काढली आणि परत येऊन बसले. त्यांच्याच्यानं ते झालं नाही. मग ते दमात घ्यायला शिकले. फोन केल्यावर जो चढेल त्याचा पगार कापीन, असं त्या पडक्या आवाजात सांगायचे, आणि गडी 'व्हय साहेब' म्हणायचे. कोण ऐकत होतं आणि कोण नाही, हे कळायला मार्ग नव्हता. साहेब आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ फाटकापाशी उभे राहायला लागले.

कंपनीकडून कागद आला, वीजपुरवठा सुरू करण्यात अकारण विलंब का झाला, खुलासा करावा. साहेबांनी खुलाशात दोन शब्द लिहिले: भीती वाटली. मी म्हणालो, किसन वर होता हे तरी लिहा. ते म्हणाले, लिहिलं तर किसनरावाची नोकरी जाईल. समज दिल्याची नोंद झाली आणि त्यांची बढती राहिली ती राहिलीच. गावाकडून काय मिळालं म्हणाल, तर एके दिवशी उपसरपंच आला आणि हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंढी टेबलावर ठेवून गेला. साहेबांनी ती आधी मला सोलायला लावली, आत अळी असते म्हणून.

काही वर्षांनी साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मला नेमलं. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, फोटो, भाषणं, सगळं रीतसर झालं. मोठ्या साहेबांच्या जागी आता दुसरे मोठे साहेब आले होते. ते भाषणात म्हणाले की यांच्याविषयी सांगण्यासारखं विशेष काही घडलेलं दिसत नाही. गडी हसले, साहेबही हसले.

पण त्याच दुपारी तांड्याच्या लाइनीवर झाडाची फांदी पडली होती आणि किसन तिकडं गेला होता. पाहुणे गेले, कार्यालयाची वेळ संपली, साहेबांनी सही केली, मी सही केली. किल्ली माझ्याकडं आली. किसन अजून आला नव्हता. साहेब घरी जाऊ शकत होते, मंडळी जेवायला वाट बघत होत्या. ते बाहेर बाकावर जाऊन बसले, शाल मांडीवर, नारळ शेजारी. मी त्यांच्या खुर्चीत बसलो.

किसनचा फोन आला. काम झालं, उतरलो, चालू करा. त्याच्या मागून लगेच तांड्यावरून फोन सुरू झाले. एक लग्नघर होतं, पाहुणे अंधारात बसले होते. मी सगळ्यांना हो, हो म्हणत राहिलो आणि फाटकाकडं बघत राहिलो. माझ्या मनात खांब होते, रस्त्यातले सगळे खांब, आणि प्रत्येकावर मला किसन दिसत होता. हे रोजचं होणार होतं. उद्या, परवा, नोकरी संपेपर्यंत. मला त्या खुर्चीतून उठून पळून जावं वाटलं.

मग गाडी आली. किसन उतरला आणि सवयीनं थेट बाकाकडं गेला, साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. साहेबांनी मान दुसरीकडं फिरवली. किसनला काही समजेना. तो सरकून पुन्हा त्यांच्या नजरेसमोर आला. साहेबांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले आणि म्हणाले, "मला न्हाई. तिकडं दाखवा."

किसन आत आला. माझ्यासमोर उभा राहिला. घामानं भिजलेला, केसांत झाडाचा पाला अडकलेला. मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"उद्यापासून फोन चालंल ना, साहेब?" तो म्हणाला. "टपरीवर तुमीच म्हणले होते."

काय उत्तर द्यावं, याचा मी अनेक रात्री विचार केला होता. चालेल म्हणालो तर हा मनातून मानणार नाही, आणि एखाद्या दिवशी वर असेल. नाही चालणार म्हणालो तर हा बिनघोर चढेल, आणि त्याच्या वाटची भीती आयुष्यभर मला वाहावी लागेल. तिसरं उत्तर साहेबांनाही सापडलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो. "येऊन तोंड दाखवायचं."

किसन हसला. मोकळा झाला, खांदे सैल सोडले, आणि हात धुवायला नळावर गेला. चालता चालता काहीतरी गुणगुणत होता. मी कुलूप उघडलं, मुठीवर हात ठेवला, आणि तो नळावर उभा आहे ना, हे पुन्हा एकदा खिडकीतून बघून घेतलं.